हिरावरची कोंबडी

आमच्या वाड्यावर एक तारवटी होता. वर्षातले नऊ-दहा महिने बोटीवर, उरलेले घरी. घरी असला की संध्याकाळी आमच्या सोप्यावर येऊन बसायचा आणि आम्हा पोरांना बंदरांच्या गोष्टी सांगायचा. बंदर कुठले का असेना, गोष्ट शेवटी खाण्यावर येऊन थांबायची. सिंगापूरची त्याची गोष्ट मला अजून आठवते. रात्री रस्त्याच्या कडेला कोळशाची लांबट शेगडी पेटवतात, कोंबडीचे बोटाएवढे तुकडे माडाच्या हिरांवर ओवून भाजतात, आणि भुईमुगाच्या दाण्यांच्या तिखट-गोड चटणीत बुडवून खातात. 'साते' म्हणतात त्याला.

आजी आत तांदूळ निवडत बसलेली असायची, पण कान बाहेर. ती तिथूनच म्हणाली, "आमी हिरांनी आंगण झाडटांव, आनी हे ताका मांस लायतात!"

आम्ही हसलो. तारवटीही हसला. पण ती चटणी माझ्या डोक्यात बसली ती बसलीच.

आता आजी नाही, तारवटीही नाही. गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला आला, तेव्हा त्याने पणजीतल्या कुठल्याशा मोठ्या दुकानातून या चटणीची तयार बाटली आणली. मी चष्मा लावून बाटलीवरची अक्षरे वाचली. शेंगदाणे, नारळाचा रस, चिंच, गूळ, सुकी मिरची, गवती चहा. मी बाटली खाली ठेवली आणि म्हणालो, "अरे, यातली प्रत्येक वस्तू या घरात आहे. गवती चहा तर विहिरीकडे माजलाय. बाटली कशाला?"

म्हणून आम्ही घरीच करायचे ठरवले. शेजारचे मास्तरही आले. ते निवृत्त शिक्षक. इतिहास शिकवण्यात जन्म गेला. कोळसे पेटवता पेटवता भाचा सहज म्हणाला, "मामा, मिरची पोर्तुगिजांनी आणली, शेंगदाणे पोर्तुगिजांनी आणले. ते आलेच नसते तर आपण खाल्ले असते तरी काय?"

झाले! मास्तरांनी हातातला पंखा खाली ठेवला. "साडेचारशे वर्षे राज्य केले, देवळे मोडली, माणसे परागंदा केली. आणि आता मिरचीबद्दल त्यांचे आभार मानायचे?"

त्या संध्याकाळी दोघांचे एवढे वाजले की पहिल्या खेपेची कोंबडी थंड झाली. दोघांच्याही बोलण्यात खरे होते आणि दोघांच्याही बोलण्यात काहीतरी राहून जात होते. काय राहून जात होते, ते मी नंतर पुस्तके काढून शोधत बसलो. तेच आज इथे लिहितो आहे.

आधी काडीवरचे मांस. मांस टोचून विस्तवावर धरणे ही कुणा एका देशाची मिरास नाही. जिथे विस्तव, काठी आणि शिकार होती, तिथे ते झालेच असणार. आपल्याकडे त्याची नोंद मात्र फार जुनी सापडते. पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'शूलोखाद्यत्' असे एक सूत्र आहे. शूलावर भाजलेले ते 'शूल्य' आणि उखेत, म्हणजे भांड्यात, शिजवलेले ते 'उख्य'. व्याकरणाच्या सूत्रात यायला एखादा शब्द रोजच्या बोलण्यातला असावा लागतो. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी ही गोष्ट नेहमीची होती.

पुढे बाराव्या शतकात, ११३० च्या आसपास, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. आपले गोव्याचे कदंब या चालुक्यांचे मांडलिक होते. राजाने काय काय उपभोगावे याची ती मोठी यादीच आहे, आणि त्यातल्या अन्नभोगाच्या भागात 'भडित्रक' येते. मांसाचे तुकडे मसाला लावून शूलावर घालायचे आणि निखाऱ्यावर भाजायचे. राजेसाहेबांना यातले बारकावे चांगले ठाऊक होते, हे वाचताना जाणवते.

हे सांगितल्याबरोबर मास्तर खूश झाले. "बघ, म्हणजे मूळ आपलेच!" मी म्हटले, मास्तर, थांबा. शूल्य वेगळे आणि साते वेगळे. आपल्याकडे काडीवरचे मांस होते म्हणून जावाच्या लोकांनी ते आपल्याकडून उचलले असे होत नाही. त्यांच्याकडेही विस्तव होताच की.

साते हे मुळात जावाचे. आजच्या रूपात ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जावाच्या रस्त्यांवर आले, असे खाद्येतिहासाचे बहुतेक अभ्यासक मानतात. अरब, गुजराती आणि तमिळ मुसलमान व्यापारी त्या बंदरांत पिढ्यान्पिढ्या ये-जा करत होते. त्यांच्या कबाबावरून जावाच्या फिरत्या विक्रेत्यांनी आपला प्रकार बनवला, असा त्यांचा तर्क आहे. तुकडे लहान केले, लोखंडी सळईच्या जागी बांबूची नाहीतर माडाच्या पानाची काडी घेतली, आणि भाजण्याआधी हळद-धण्यांचे वाटण लावले. कावडीच्या एका टोकाला शेगडी आणि दुसऱ्या टोकाला मांस घेऊन विक्रेता गल्लोगल्ली हिंडायचा. 'साते' हा शब्द तमिळमधल्या 'सदै', म्हणजे मांस, या शब्दावरून आला असेही काहीजण म्हणतात. शब्दाचा वाद अजून मिटलेला नाही, पण जावाच्या बंदरात तमिळ कानावर पडत होती एवढे नक्की.

आज इंडोनेशियात साते एक नाही, पुष्कळ आहेत. मादुरा बेटावरच्या लोकांचे कोंबडीचे साते आणि त्यावरची शेंगदाण्याची चटणी जगभर गेली. सुमात्राच्या पाडांग भागात मात्र बैलाचे मांस असते आणि वर तांदळाच्या पिठाने दाट केलेला पिवळा रस्सा. त्यात शेंगदाणा नाही. बालीत मासे किंवा मांस वाटून, त्यात खोबरे घालून तो गोळा गवती चहाच्या दांड्यावर लपेटतात. २०१८ साली इंडोनेशियाच्या पर्यटन खात्याने पाच राष्ट्रीय पदार्थ ठरवले, त्यांत साते आहे. शेजारच्या मलेशियात आणि सिंगापुरातही ते तितकेच घरचे. आमच्या तारवटीने खाल्ले ते तिथलेच.

आता या सगळ्यात गोवा कुठे येतो? तो येतो मलाक्क्याच्या वाटेने.

मलाक्का हे मलाया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बंदर. चीनकडे जाणारी आणि मसाल्याच्या बेटांकडून येणारी जहाजे तिथल्या सामुद्रधुनीतून जात. १५१० मध्ये अफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतले आणि दुसऱ्याच वर्षी, १५११ च्या ऑगस्टमध्ये, मलाक्का घेतले. तिथून पुढे १६४१ पर्यंत, म्हणजे डचांनी ते जिंकेपर्यंत, मलाक्क्याचा कारभार गोव्यातून चालायचा. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगत सेंट फ्रान्सिस झेवियरचे देहावसान झाले, तेव्हा त्याचा देह आधी तिथेच आणि नंतर मलाक्क्यात पुरला होता. तिथून तो १५५४ मध्ये गोव्यात आणला. जुन्या गोव्याच्या फेस्ताला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते, कोण जाणे.

पण मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच माहितीने. तोमे पिरेश नावाचा एक पोर्तुगीज औषधविक्या १५१२ ते १५१५ या काळात मलाक्क्यात होता. त्याने पूर्वेकडच्या व्यापाराचा एक मोठा वृत्तांत लिहिला. त्या बंदरात ८४ भाषा ऐकू येत, असे तो सांगतो. तिथे येणाऱ्या लोकांची त्याने लांबलचक यादी दिली आहे. कैरो, मक्का, एडन इथपासून सुरू होणाऱ्या त्या यादीत गुजराती आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ चौलचे, दाभोळचे आणि गोव्याचे लोक आहेत!

हे लोक काही आल्बुकेर्कच्या जहाजातून पहिल्यांदा तिथे गेलेले नव्हेत. पिरेश वर्णन करतो तो व्यापार पोर्तुगिजांच्या आधीपासून चालत आलेला होता. कोकण किनाऱ्यावरची माणसे मोसमी वाऱ्यावर शीड सोडून मलाक्क्याला जात, वारा फिरण्याची वाट बघत काही महिने तिथेच राहत, आणि मग परतत. राहत म्हणजे जेवत असणारच. आमचा तारवटी सिंगापूरच्या रस्त्यावर उभा राहून खात होता, तेव्हा तो काही नवे करत नव्हता. त्याच्या आधी पाचशे वर्षांपूर्वीचे तारवटी होते.

शब्दांत तर या येण्या-जाण्याचे ढीग सापडतात. मलाय-इंडोनेशियन भाषेत साखरेला 'गुला' म्हणतात. तो संस्कृत 'गुड', आपला गूळ. 'गुला जावा' म्हणजे माडाचा किंवा ताडासारख्या झाडाचा गूळ. काळ्या मिऱ्याला 'मरिचा' म्हणतात, संस्कृत 'मरीच'. व्हिनेगरला 'चुका', तो 'चुक्र'. चवीला 'रासा', तो रस. हे शब्द पोर्तुगिजांच्या कित्येक शतके आधी गेलेले. मग त्यावर पोर्तुगीज थर चढला. चर्चला आपल्याकडे इगर्ज, तिकडे 'गेरेजा'. खिडकीला आपल्याकडे जनेल, तिकडे 'जेंदेला'. एकाच जहाजातून उतरलेली भावंडे, दोन बंदरांत वाढली.

आता शेंगदाणा आणि मिरची. भाच्याचा मुद्दा इथे बरोबर आहे. दोन्ही अमेरिका खंडातून आली. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीआधी आशियात कुणी त्याचा दाणा बघितलेला नव्हता. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून तो आफ्रिकेत नेला आणि पुढे हिंदी महासागरात आणला. दुसरीकडून स्पॅनिश जहाजे मेक्सिकोच्या आकापुल्कोहून पॅसिफिक ओलांडून मनिलाला येत. ती फेरी १५६५ पासून १८१५ पर्यंत चालली. तिथून तो चीनकडे आणि बेटाबेटांवर पसरला. आपल्या देशात त्याच्या नावांत या वाटा अजून दिसतात. बंगालीत तो 'चीनाबादाम', तमिळमध्ये 'मनिला कोट्टै', म्हणजे मनिलाचे बी. ज्याला जिथून आल्यासारखा वाटला, त्याने तिथले नाव दिले.

आणि मराठीने काय केले? मराठीने त्याला ना चीनचा म्हटले, ना मनिलाचा. शेतकऱ्याने बघितले की हा मुगासारखा दाणा भुईच्या पोटात धरतो. म्हणून 'भुईमूग'. जावाच्या शेतकऱ्यानेही तेच बघितले. तो म्हणाला 'काचांग ताना'. काचांग म्हणजे कडधान्य, ताना म्हणजे जमीन. हजारो मैलांवरच्या दोन शेतकऱ्यांनी एकमेकांना न विचारता एकाच वस्तूचे एकच नाव ठेवले!

मिरचीचे तर याहून गमतीचे आहे. आपल्याकडे तिखटपणा मिऱ्याचा होता. नवी तिखट शेंग आली, तिला मिऱ्याचेच नाव देऊन मिरची केले. कोकणीत मिरसांग, म्हणजे मिऱ्याची शेंग. मुंबईकडे जुन्या काळी तिला 'गोवाई मिरची' म्हणत, कारण तिकडे ती गोव्याहून पोचली. जावात पूर्वी पिंपळीच्या जातीची एक तिखट वेल होती, तिचे नाव 'चाबे'. नवी मिरची आली, तर तिचेच नाव त्यांनी मिरचीला दिले. जुनी बिचारी आता 'चाबे जावा', म्हणजे जावाची चाबे, झाली आहे. घरात नवी सून आली, तिला थोरलीचे नाव मिळाले, आणि थोरलीला ओळख सांगावी लागू लागली, त्यातलाच प्रकार.

माझ्या मते भाचा आणि मास्तर यांच्या वादात जे राहून जात होते ते हेच. जहाज वस्तू आणते, पण ती घरात कोण घेते? ब्राझीलहून निघालेल्या खलाशाला शेंगदाण्याची चटणी माहीत नव्हती. ना लिस्बनच्या राजाला, ना गोव्याच्या व्हाइसरॉयला. दाणा भाजून, मिरची-लसणीबरोबर वाटून, त्यात चिंच आणि गूळ घालून, तेल सुटेपर्यंत परतायचे हे सुचले ते जावाच्या कुणा बाईला. तिचे नाव कुठल्या वृत्तांतात नाही. आपल्याकडे शेंगदाण्याचे कूट करून भाजीत घालायचे सुचले तेही अशाच कुणा बाईला. आभार मानायचेच असतील तर त्यांचे मानावेत.

मास्तरांचा रागही मी खोटा म्हणणार नाही. सत्ता जेव्हा स्वयंपाकघरात शिरते, तेव्हा काय होते ते गोव्याने पाहिले आहे. इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या फर्मानात नव्या ख्रिस्ती घरांना कितीतरी गोष्टींची बंदी घातली होती, आणि त्यात हिंदूंसारखा मिठाविना भात शिजवू नये, असेही एक कलम होते. विचार करा. चुलीवरच्या तपेल्यात मीठ आहे की नाही, यावरून माणसाची श्रद्धा तपासायची! तिकडे जायफळाच्या बांडा बेटांवर डचांनी १६२१ साली तिथली जवळजवळ सगळी वस्ती मारली, नाहीतर गुलाम करून नेली. आपण ज्याला मसाल्याचा व्यापार म्हणतो, त्याच्या खाली हे सगळे पुरलेले आहे. म्हणून "पोर्तुगिजांनी दिले" हे क्रियापदच मला खटकते. देणारा हात वेगळा असतो. त्यांनी नेले, आणले, विकले. त्यातले जे बी अंगणात पडले, ते लोकांनी वाढवले.

पण मग "परके ते परके" असे तरी कसे म्हणावे? आमच्या आजीची एकादशी कडक. त्या दिवशी ती साबुदाण्याची खिचडी करायची. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला, आणि 'साबू' हा शब्द मलाय 'सागू'वरून आलेला. वर दाण्याचे कूट. बाजूला बटाटा, तोही तिकडचाच. आणि हिरवी मिरची. म्हणजे विठ्ठलाच्या नावाने केलेल्या उपवासाचे अख्खे ताट समुद्रापलीकडचे! आजीला हे सांगितले असते तर तिने मला वेड्यात काढले असते, आणि बरोबरच केले असते. तिच्या लेखी ते तिच्या आईने शिकवलेले होते. तीन-चार पिढ्या आईने शिकवले की परके ते घरचे होते.

तिच्या लेखी परकी होती ती कोंबडी. गोव्यातल्या पुष्कळ हिंदू घरांत मासळी आत शिजे, पण कोंबडीला चुलीवर जागा नसे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावठी कोंबडा निषिद्ध पदार्थांत घातलेला आहे. त्याची सावली एवढ्या लांबवर पोचली. आमच्याकडे पुरुष मंडळींना कोंबडी हवी झाली की मागिलदारी तीन दगड मांडायचे, वेगळे मडके घ्यायचे, आणि जेवून झाले की आंघोळ. आणि गंमत अशी की कोंबडी हा पक्षी माणसाळला तो आग्नेय आशियात. थायलंडमधल्या बान नोन वाट इथे सापडलेली हाडे आतापर्यंतची सर्वांत जुनी, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. म्हणजे मिरचीच्या कितीतरी आधी, दोन-अडीच हजार वर्षे तरी कोंबडी आपल्या अंगणात होती, तरी ती दाराबाहेर. आणि काल आलेला शेंगदाणा देवघरापर्यंत! कोण कधी आले यावर घरचेपण ठरत नाही, एवढे तरी यावरून कळते.

असो. पुष्कळ झाला इतिहास. आता आम्ही केले कसे ते सांगतो. करून बघण्यासारखे आहे.

अर्धा किलो कोंबडी, हाडे काढलेली. मांडीचे मांस घ्यावे. छातीचे भाजताना सुकते. बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. सहा छोटे कांदे, चार लसूण पाकळ्या, इंचभर आले, गवती चहाच्या चार-पाच दांड्यांचा बुडाकडचा पांढरा भाग, दोन चमचे धणे, एक चमचा जिरे आणि एक चमचा हळद एकत्र वाटावी. त्यात दोन चमचे माडाचा गूळ, मीठ आणि थोडे तेल घालून मांसाला चोळावे आणि तीन-चार तास ठेवावे. गूळ हवाच. त्यानेच निखाऱ्यावर तो काळपट-तांबूस रंग येतो.

चटणीसाठी एक वाटी शेंगदाणे भाजून, साले पाखडून, जाडसर कुटावेत. अगदी पीठ करू नये. दाताखाली दाणा यायला पाहिजे. सात-आठ सुक्या मिरच्या भिजवून, पाच-सहा छोटे कांदे, तीन लसूण पाकळ्या आणि गवती चहा यांच्याबरोबर वाटाव्यात. आम्ही काणकोणची खोला मिरची घेतली, रंग सुरेख आला. हे वाटण खोबरेल तेलात मंद आचेवर, तेल सुटेपर्यंत परतायचे. इथे घाई केली की कच्चा वास राहतो. मग वाटीभर नारळाचा जाड रस, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, दोन मोठे चमचे माडाचा गूळ आणि मीठ. शेवटी कूट घालून दहा-पंधरा मिनिटे रटरटू द्यावे. वर लाल तवंग आला की झाले. मादुराचे लोक यात 'केचाप मानिस' घालतात. तो सोयाबीनचा, पाकासारखा दाट गोड रस. आपल्याकडे तो सगळीकडे मिळत नाही. गूळ थोडा वाढवला तर अडत नाही.

आता हीर. बाजारात बांबूच्या काड्या मिळतात, पण मला तारवटीचे हीरच हवे होते. मलायात पूर्वी त्याच वापरायचे, 'लिदी' म्हणतात. भाच्याने झावळीचे हिरवे हीर काढून, खरवडून, टोके केली. पहिल्या खेपेला आम्ही ते तसेच वापरले, आणि मास्तर व भाचा यांचा वाद रंगात असताना निम्मे हीर जळून कोंबडी निखाऱ्यात पडली! दुसऱ्या खेपेला अर्धा तास पाण्यात भिजवले, टोकाकडे मोकळी जागा न ठेवता तुकडे दाटीने ओवले, तेव्हा टिकले. करवंटीचा कोळसा असेल तर उत्तम. ज्वाळा नको, राख धरलेला निखारा हवा. गवती चहाची दांडी ठेचून तिचाच कुंचला करायचा आणि खोबरेल तेल शिंपडत भाजायचे. आठ-दहा मिनिटांत होते. बरोबर काकडी, कच्चा कांदा आणि भाताची मुटकी. तिकडे माडाच्या पातींची विणलेली खोली करून त्यात भात शिजवतात, 'केतुपत' म्हणतात. आम्हाला ते विणणे काही जमले नाही.

शेगडी आम्ही मांडली ती मागिलदारी, जिथे आजी तीन दगड मांडायला लावायची त्याच जागी. कुणी ठरवून नव्हे. धूर घरात नको म्हणून.

जाता जाता शेवटची एक गोष्ट. ब्राझीलच्या उत्तरेला सुरिनाम नावाचा छोटा देश आहे. तिथे डचांनी उसाच्या मळ्यांसाठी १८७३ पासून आपल्या देशातले गिरमिटिये नेले आणि १८९० पासून जावाचे मजूर नेले. जावाच्या लोकांनी तिथे आपली खानावळ मांडली, आणि आजही तिथे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर साते मिळते. म्हणजे दक्षिण अमेरिकेतून जहाजात चढलेला दाणा सगळी पृथ्वी फिरून पुन्हा दक्षिण अमेरिकेत उतरला. गेला तेव्हा नुसता दाणा होता. परत आला तो चटणी होऊन. नेणारे मालक वेगळे होते. चटणी करून आणणारे, पोटासाठी घर सोडलेले मजूर होते.

हे मी मास्तरांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ते कोंबडी खात नाहीत, पण चटणी त्यांनी भाताबरोबर दोनदा घेतली होती. निघताना भाच्याने उरलेली चटणी डब्यात घालून त्यांच्या हातात दिली. पायरी उतरता उतरता ते थांबले आणि म्हणाले,

"पुढच्या खेपेला कांदा-लसूण घालू नकोस रे. म्हणजे एकादशीलाही चालेल."